ओझ्याचा हिशेब

रोलप्लेइंग गेममध्ये खाण आली की टेबलाभोवतीची मंडळी सरसावून बसतात. खेळ चालवणारा गेम मास्टर सांगतो, डाव्या भिंतीत चांदीची शीर चमकतेय. लगेच कुणीतरी विचारतं, "किती मिळेल?" मग फासा पडतो, आकडा पात्राच्या कागदावर चढतो आणि सगळे पुढच्या दालनाकडे निघतात. खाण आली आणि गेली. टिकाव कुणी उचलला, उजेड किती उरला, ते दगड वर कोण नेणार, यातलं काहीच खेळात आलं नाही.

किती मिळेल, याचं उत्तर फासा देतो. त्यातलं किती न्यायचं आणि त्यासाठी किती वेळ जमिनीखाली थांबायचं, हे मात्र खेळाडूंनाच ठरवावं लागतं. खाणीचे नियम लिहिणाऱ्याचं सगळं कसब या दुसऱ्या प्रश्नात आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये आणला, तेव्हापासून त्यात लुटीच्या मोलावर अनुभवाचे गुण मिळत. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या 1981 च्या 'बेसिक' संचात हे गणित फार नेटकं मांडलेलं आहे. वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजायचा. मशाल सहा टर्न जळते. दर दोन टर्नना सहा बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला तर भटकं संकट समोर उभं. वजन नाण्यांत मोजायचं, दहा नाणी म्हणजे एक पौंड. अंगावर 400 नाण्यांपर्यंत भार असेल तर एका टर्नमध्ये 120 फूट चालता येतं. भार 800 च्या वर गेला की चाल 30 फुटांवर येते आणि 1600 च्या पुढे हलताच येत नाही.

आता खाणीचं तोंड 720 फुटांवर आहे असं धरू. हलक्या अंगाने निघालेला गट सहा टर्नमध्ये बाहेर पडतो. खर्च एक मशाल, संकटाचे फासे तीन. तोच गट पोती भरून निघाला तर मधली विश्रांती सोडूनही 24 टर्न लागतात, म्हणजे चार तास, चार मशाली आणि बारा फासे. एकही संकट न येता सुटण्याची शक्यता हलक्या गटाला 58 टक्के असते, लादलेल्या गटाला जेमतेम 11 टक्के. चांदी तीच, वाट तीच. फक्त ओझ्याने सगळी गोष्ट बदलली. त्या पुस्तकात वजनाचा हा नियम ऐच्छिक आहे आणि कितीतरी टेबलांवर तो कटकटीचा म्हणून सोडून देतात. इतर ठिकाणी तो खुशाल सोडावा. खाणीत सोडला की खाण उरत नाही.

संगणकावरच्या खेळांनी हा धडा आपापल्या परीने गिरवला. 1997 च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये धातुक इतकं जड होतं की खाणकाम करणारे खेळाडू सोबत ओझ्याचे घोडे आणि लामा नेत. भट्टीवर वितळवून विटा केल्या की वजन एकदम उतरायचं, म्हणून भट्टी किती लांब हा रोजचा प्रश्न. मिनॉक गावाजवळच्या खाणींकडे लुटारू खेळाडूही फिरकत, कारण लादलेला माणूस लवकर पळू शकत नाही. 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मध्ये पोतडीत 28 जागा असतात. पोलादाच्या एका कांबीला लोखंडाचा एक दगड आणि कोळशाचे दोन लागतात. कोळशाची वेगळी पिशवी हाती येईपर्यंत एका खेपेत नऊच कांबी निघतात. तेवढ्या अठ्ठावीस चौकटींमुळे खेळाडू आपली खेप आखायला शिकतो.

'टॉर्चबेअरर' या 2013 च्या खेळाने तर अख्खा डाव या हिशेबावरच उभा केला. मशाल दोनच टर्न टिकते आणि दर चार टर्नना प्रत्येक पात्राच्या पदरी एक त्रास येतो: आधी भूक-तहान, मग थकवा, धास्ती असं काहीबाही. तिथे अजून एक शीर खणू, असं म्हणण्याआधी सगळं टेबल थबकतं.

खऱ्या खाणींचा इतिहास वाचला की या नियमांना बळ येतं. जर्मन वैद्य आणि खनिजतज्ज्ञ गेओर्ग अग्रिकोला यांचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1556 मध्ये निघाला. त्यातल्या चित्रांत खणणारी माणसं आहेतच, पण पाणी उपसणारी चाकं, हवा आत ढकलणारे भाते, दोर ओढणारे रहाट आणि दगड फोडून निवडणारे हातही ठायी ठायी आहेत. खणणं हे खाणीतल्या अनेक कामांपैकी एक. आपल्याकडचं कोलार घ्या. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या सोन्याच्या खाणीत दाबाखालचा खडक अचानक फुटण्याची भीती कायम असे. 2001 मध्ये ती बंद झाली, कारण तेवढ्या खोलीवरून उरलंसुरलं सोनं वर आणणं परवडेनासं झालं. टनामागे आठ-दहा ग्रॅम सोनं असलेला साठाही समृद्ध समजतात. बाकी सगळा दगडच वर ओढायचा असतो.

प्रस्तुत लेखक आपल्या टेबलावर जे नियम वापरतो ते यातूनच आले. एक टर्न खणलं की एक पोतं, वजन 200 नाणी. टिकावाचा आवाज दूरवर जातो, म्हणून खणताना संकटाचा फासा दर टर्नला. पहिल्या पोत्यानंतर दर पोत्याला छतासाठी वेगळा फासा: टेकू न लावता जितकी पोती काढली, तितका किंवा त्याहून कमी आकडा पडला तर छत खाली येतं. टेकू लावायला एक टर्न आणि एक लाकूड लागतं, मग मोजणी नव्याने. छताचा फासा टाकण्याआधी गेम मास्टर खूण सांगतो: माती झरू लागली, लाकूड करकरलं. हवा कोंदट झाली तर मशालीची ज्योत आधी मंद होते. आणखी एक टर्न बसून दगड फोडून निवडले तर वजन निम्म्यावर येतं, मोल मात्र चौथाईने घटतं.

या शेवटच्या नियमावर टेबलावर सर्वांत जास्त वाद होतात. एकजण म्हणतो, निवडू या, हलके होऊ. दुसरा मशाली मोजतो. तिसऱ्याला कानोसा घेताना बोगद्यात काहीतरी ऐकू आलेलं असतं. तोवर कुणीही फाशाला हात लावलेला नसतो, तरी खेळ पूर्ण रंगलेला असतो.

पुढच्या डावासाठी खाण लिहायला बसणाऱ्यांना एवढीच विनंती: कुठे काय सापडेल याचा तक्ता सगळ्यात शेवटी करा. आधी बाहेर पडायच्या वाटेची लांबी फुटांत लिहा, पोत्याचं वजन ठरवा आणि उरलेल्या मशाली सगळ्यांना दिसतील अशा टेबलाच्या मधोमध मांडा.