पोचा

'पोचा' हा शब्द मुळात आपल्या स्वयंपाकघरातला. तांब्या हातातून निसटला, घागर ओट्याच्या कडेवर आपटली, की पोचा आला. भांडे गळत नाही, वापरात काही अडत नाही. तरी घासताना घरातल्या बाईचा हात प्रत्येक वेळी तिथे थबकतो. आता हा शब्द मोटारींनाही लागला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांत हातभर अंतर असते. शेजारच्या गाडीचे दार कुणीतरी बेफिकिरीने उघडतो, त्याची कड आपल्या दारावर बसते आणि रुपयाच्या नाण्याएवढा खळगा उमटतो. कुणी पाहिलेले नसते, कुणी कबूल करत नाही. गाडी पूर्वीसारखीच चालते. पण तिच्याकडे पाहताना नजर मात्र अडखळते.

आमच्या गाडीच्या डाव्या दारावर असे तीन पोचे होते. बाबांनी निवृत्त झाल्यावर ही गाडी जुन्या बाजारातून घेतली. सारी नोकरी त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून केली. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणे सुधारले, बोलणे सुधारले, उजवा हात मात्र मागे राहिला. तो पेला धरतो, पण स्क्रू धरत नाही. गाडी चालवायला घरात दुसरे कुणी नव्हते, म्हणून ती विकायचे ठरले. गॅरेजवाल्याने दार पाहिले आणि सांगितले, ठोकून घेऊ, लांबी भरू आणि अख्खे दार रंगवून टाकू. बाबा म्हणाले, "रंग कंपनीचा आहे, तो कुठेही तडकलेला नाही. तो कशाला घालवायचा? घरीच काढू." या 'काढू'मधले अनेकवचन म्हणजे मी, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी. हातात कधी पाना धरलेला नाही. पण सल्लागारांची आपल्याकडे वाण नसते. एकाने सांगितले, उकळते पाणी ओता, पोचा आपोआप बाहेर येईल. दुसऱ्याने केस वाळवायचे यंत्र आणि बर्फ सुचवला. बाबांनी शांतपणे समजावले, "पाण्याचा उपाय बंपरला लागू पडतो, कारण बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि गरम झाला की नरम पडतो. दार पोलादाचे आहे. शंभर अंशांच्या पाण्याने पोलादाला काय होणार?"

मग त्यांनी मला पत्र्याचा स्वभाव सांगितला. दाराचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा; त्यावरचे रंगाचे सारे थर मिळून मिलिमीटरचा दहावा हिस्सा. पत्रा थोडा दाबला तर हात काढताच परत येतो. ताणाचा हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडला, तो आपण शाळेत पाठ केलेला असतो. पण एका मर्यादेपलीकडे दाबले, की पत्रा परतीची वाट विसरतो, आणि जिथे वाकला तिथे पूर्वीपेक्षा कठीणही होतो. खरे वाटत नसेल तर एखादी तार वाकवून पुन्हा सरळ करून पाहा. जुन्या वाकाच्या जागी ती सरळ होत नाही, शेजारी नवा वाक घेते. म्हणून पोच्याच्या मधोमध एकदम जोर लावायचा नसतो. तसे केले तर खळग्याच्या जागी टेंगूळ येते, आणि टेंगूळ खळग्यापेक्षा अधिक डोळ्यांत भरते.

आम्ही दाराचे आतले आवरण उतरवले. स्क्रू काढायचे, खटके एकेक करून सोडवायचे, काचेच्या बटणाची वायर सोडवायची आणि पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा कागद न फाडता बाजूला करायचा. यातच सकाळ गेली. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतली एक लांब पोलादी सळई मी त्यांच्या सांगण्यावरून वाकवून घेतली, तिचे टोक कानशीने गोल केले, पॉलिश पेपरने गुळगुळीत केले आणि त्यावर टेप गुंडाळली. मग एक ट्यूबलाइट दारासमोर अशी उभी केली, की तिचे प्रतिबिंब नेमके पोच्यावर पडावे.

या कामातली खरी मौज ही ट्यूबलाइट आहे. पोच्याकडे सरळ पाहिले तर तो नीट दिसतच नाही. प्रतिबिंबाकडे पाहायचे. चांगल्या पत्र्यावर उजेडाची रेघ सरळ जाते, पोच्याशी येताच ती वळसा घेते. आतून सळईचे टोक पत्र्याला नुसते टेकवले, तरी रेघेत एक बारीक थरथर उठते, आणि आपण कुठे आहोत ते तिच्यावरून कळते. कडेकडेने, गोल फिरत, अगदी हलके दाब द्यायचे. दहा-वीस नव्हे, शेकड्याने. मधे कुठे पत्रा वर आला तर बाहेरून लाकडी खुंटी ठेवून हातोडीची टिचकी मारायची.

नजर बाबांची आणि हात माझे, अशी वाटणी झाली. "जरा वर. अगं, तेवढे नको. हां, आता तिथेच." त्यांना रेघेत जे दिसत होते, ते मला तासभर दिसतच नव्हते. एकदा मला जागा सापडेना, तेव्हा सवयीने त्यांचा उजवा हात सळईकडे आला आणि वाटेतच थांबला. दोघेही काही बोललो नाही. मी ट्यूबलाइटकडे पाहत राहिले. मग त्यांनी डावा तळवा बाहेरून पत्र्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या हाताखाली दाब."

दोन पोचे संध्याकाळपर्यंत गेले. तिसरा दाराच्या घडीवर होता. घडीवरचा पत्रा आधीच ताठ असतो, तो दाद देत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी खूण उरली तेव्हा मी पुन्हा सळई उचलली. बाबा म्हणाले, "बस. आता थांब. रंगालाही सहन करण्याची हद्द असते." साहित्यात कुठे थांबावे हे आम्हाला वर्गात शिकवतात, पत्र्याच्या बाबतीत ते मला फिटरने शिकवले.

आमच्या घरात आजीचा एक तांब्याचा हंडा आहे, कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेला. त्याच्यावर सगळीकडे हातोडीचे ठसे आहेत. त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी तांबे बळकट होते आणि प्रत्येक ठशात उजेड चमकतो. म्हणजे ठोका तोच. कुणी विचाराने मारला तर शोभा, बेफिकिरीने बसला तर पोचा. निस्तरताना मात्र त्या क्षणभराच्या बेफिकिरीला कुणाचातरी अख्खा दिवस द्यावा लागतो.

पुढच्या आठवड्यात गाडी गेली. घेणाऱ्याने दारावरून हात फिरवला आणि काही न बोलता इंजिनाकडे वळला. बाबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान होते, ते आलेल्या किमतीचे नव्हते.

सळई आम्ही ठेवून घेतली आहे. उपचार करणाऱ्या बाईंनी बाबांना रबरी चेंडू दिला आहे. दिवसातून अनेकदा तो हलके दाबायचा, एकदम जोर लावायचा नाही. हात कितपत परत येईल हे कुणी सांगत नाही. परवा चेंडू बाजूला ठेवून त्यांनी उजव्या हातात सळई धरून पाहिली. ती पडली. त्यांनी ती डाव्या हाताने उचलली आणि पुन्हा उजव्यात दिली.