पाण्याखाली शुगर लो झाली तर

प्रिय सई,

तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकायचं म्हणतेस, जरूर शीक. ताई धास्तावली आहे, तिच्याशी मी बोलेन. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी 2005 साली डायव्हर्स अलर्ट नेटवर्क आणि अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीने नियम ठरवले. त्यांत तू बसतेस. तुला 18 पूर्ण झाली आहेत, इन्सुलिन सुरू होऊन वर्ष केव्हाच उलटलंय, वर्षभरात शुगर फार खाली गेलेली नाही, एचबीएवनसी 9 च्या आत आहे. तरी डोळे, किडनी दाखवून डॉक्टरांची परवानगी घेच.

एक नियम मात्र तुला जड जाईल. एरवी 110 दिसलं की आपण खूश. पाण्यात उतरताना किमान 150 हवी, आणि 300 च्या वर नको. तासभर आधी, अर्धा तास आधी आणि अगदी उतरताना, अशी तीनदा तपासायची. आकड्याइतकीच त्याची चाल बघ. 190, 170, 155 आले तर तिन्ही आकडे नियमात आहेत, तरी उतरायचं नाही, कारण शुगर घसरतेय. काहीतरी खा, थांब, पुन्हा तपास. होडीवर बोटं खारट झालेली असतात. गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच टोच.

इतकी खबरदारी का? घरी दरदरून घाम फुटला की तुला लगेच कळतं. पाण्याखाली घाम जाणवतच नाही, थरथर थंडीची वाटते, गोंधळ भीतीचा. त्यात शुद्ध हरपली तर तोंडातला रेग्युलेटर सुटतो.

म्हणून जोडीदार मधुमेह नसलेला घे आणि त्याला आधीच सगळं सांग. अंगठा आणि तर्जनी ताणून इंग्रजी एल दाखवला की शुगर लो. मग दोघांनी सावकाश वर यायचं, जॅकेटमध्ये हवा भरायची, खिशातली ग्लुकोज जेल खायची आणि पाण्याबाहेर पडायचं. ती ट्यूब ओल्या बोटांनी उघडता येते का, घरीच बघ. ग्लुकागॉन होडीवर ठेव, तो टोचता येणारा माणूसही तिथे हवा. 30 मीटरपेक्षा खोल, तासाहून जास्त वेळ किंवा गुहेत जायचं नाही. नंतरचे 12 ते 15 तासही तपासत राहा, पोहल्यानंतर तुझी शुगर रात्री उतरते.

फॉर्मवर मधुमेहाचा रकाना कोरा सोडू नकोस. इन्स्ट्रक्टर नाही म्हणेल या भीतीने लोक लपवतात, त्याचा मला फार राग येतो. नाही म्हणाला तर दुसरा शोधू, मी सोबत येते.

तुझी,
मावशी