गाडीतला अर्धा तास

एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनने भारताला रेड लिस्टवर टाकलं. मे महिन्यात आई साताऱ्याला ऑक्सिजनवर होती. जायचं तर परत येताना दहा दिवस हॉटेलात क्वारंटाईन, माणशी १७५० पौंड. रात्री स्वयंपाकघरात बसून मी आणि ह्यांनी हिशोब केला. मी गेले नाही. चौथ्या दिवशी आई गेली. अंत्यविधी दादाने व्हॉट्सॲपवर दाखवला.

पुढची दोन वर्षं मी अगदी व्यवस्थित होते. नोकरी, मंडळाचा गणपती, चकल्या, सगळं चालू. फक्त शनिवारी खरेदी झाली की पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायचे. फ्रोझन मटार वितळून जायचे. ते लेकीच्या लक्षात आलं.

"आई, तू कौन्सेलरशी बोल."

"मी काय वेडी आहे?"

वेड्यांचे डॉक्टर ते हेच, अशी माझी समजूत! डॉक्टर असतो तो सायकिएट्रिस्ट, गोळ्या लिहून देणारा. कौन्सेलर आणि सायकोथेरपिस्ट बोलतात, म्हणजे मुख्यतः ऐकतात. कौन्सेलर बहुधा एखाद्या चालू अडचणीपुरता, सायकोथेरपिस्ट अधिक जुन्या, खोल गोष्टींसाठी, पण ही रेघ तशी पुसटच. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजसाठी जीपीची चिठ्ठीही लागत नाही, आपलं आपण नाव नोंदवता येतं. खाजगीत जायचं तर मात्र बीएसीपी किंवा यूकेसीपीच्या यादीत नाव आहे ना ते बघा, कारण या देशात कौन्सेलर अशी पाटी कुणीही लावू शकतो.

आधी फोनवर नऊ प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, वगैरे. मग काही आठवडे थांबणं. मग ती. माझ्या लेकीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने पहिल्यांदा सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जात नाही, कुणाच्या जिवाला धोका असेल तरच. मला हायसं वाटलं. आपली मंडळी तुम्हाला माहीतच आहेत.

मराठीत याला समुपदेशन म्हणतात, म्हणून मी उपदेशाची वाट बघत होते. तिसऱ्या भेटीत न राहवून विचारलं, "माझं चुकलं का, ते सांगा ना." तिने उलट विचारलं, "त्या रात्री हिशोब करताना तुम्हाला काय काय ठाऊक होतं?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. त्याच संध्याकाळी दादा फोनवर म्हणाला होता, ऑक्सिजन लेव्हल सुधारतेय. हे मी पार विसरले होते. मी मराठीतच रडले. इंग्रजीत सांगायला गेले तर शब्द सापडेनात. ती म्हणाली, आधी तुमच्या भाषेत बोला.

पण १७५० पौंड मोजले होते, हेही खरंच. ते तिने पुसून टाकलं नाही. "तुमचं काही चुकलं नाही हो," असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मला भरपूर होत्या, आणि त्यांच्यासमोर मी तो आकडा कधी उच्चारलाच नव्हता.

आठ भेटी झाल्या. गाडीत अजून कधीतरी बसते, पाच-दहा मिनिटं.

दादाला त्या हिशोबाचं सांगितलेलं नाही. डिसेंबरमध्ये साताऱ्याला जाते आहे.