कंसातलं नाव

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघते आहे. त्यातल्या सुनांची सूची करायचं काम मी मागून घेतलं. जन्मभर हजेरीपट हाताने लिहिले, आता एक्सेल!

पूर्वी लग्नात बऱ्याच घरांत मुलीचं नावही बदलत. म्हणून यादीत नावं अशी आहेत : जानकी (यमुना). मला कंसातलं नाव वेगळ्या रकान्यात हवं होतं. नातीने सूत्र शिकवलं. दिसायला अवघड, पण अर्थ सोपा. ‘फाइंड’ सांगतं की कंस कितव्या जागेवर आहे. ‘मिड’ला सांगायचं, कुठून आणि किती अक्षरं उचलायची.

वरच्या नावात उघडता कंस ७ व्या जागी आणि मिटता १३ व्या जागी. ८ व्या जागेपासून ५ अक्षरं उचलली की ‘यमुना’ हाती येते.

इथे माझ्यातली मराठीची बाई जागी झाली. यमुना तर तीनच अक्षरं! पण एक्सेल काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं सुटं मोजतं. जोडाक्षरातला पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा. ‘स्मिता’ त्याच्या लेखी सहा. तरी बिघडत नाही, कारण फाइंड आणि मिड दोघंही एकाच मापाने मोजतात.

सूत्र खाली ओढलं आणि नावं भराभर बाहेर पडली. त्यात माझंही होतं. पन्नास वर्षांत त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. क्षणभर बघत बसले.

काही ओळींत मात्र ‘#व्हॅल्यू!’ उमटलं. तिथे कंसच नव्हता, म्हणजे त्या बायकांचं पहिलं नाव कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. नात म्हणाली, “आजी, इफएरर लावते, मग ती जागा कोरी दिसेल.” म्हटलं, नको गं. कोरं दिसलं की कुणी विचारणार नाही.

त्या ओळी घेऊन आत्येसासूबाईंना फोन केला. वय नव्वदीच्या पुढे, पण चार नावं त्यांनी धडाधड सांगितली. पंधरा अजून बाकी आहेत, आणि सांगू शकतील अशी माणसं थोडी.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, आजीचं, पणजीचं लग्नाआधीचं नाव ठाऊक असेल तर आजच कळवा. फक्त कंसात लिहा. पुढचं सूत्र बघून घेईल.