करु आणि करुळु

कानडीत वासराला ‘करु’ म्हणतात आणि आतड्याला ‘करुळु’. आमच्या चिंताकीत दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदतात. लेकराच्या काळजीने आईचे ‘आतडे तुटायचे’, तर शेजारची अव्वा ‘हेत्त करुळु’ म्हणून उसासे टाकायची. माया पोटातच असते, यावर दोन्ही भाषांचे एकमत आहे.

२०१९ ची गोष्ट. वसुबारस आठ-दहा दिवसांवर आलेली आणि आमच्या देवणी गाईच्या बारा दिवसांच्या कालवडीला हगवण लागली. दुकानातली पुडी दिली की दोन दिवस थांबे, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. असे दोनदा झाले. पिवळट पांढरे, आंबूस वासाचे पाणी. डोळे खोल गेलेले.

डॉक्टर कानडी. आल्या आल्या विचारले, “भेदि एष्टु दिना आय्तु?”

“सहा दिवस झाले, साहेब. थांबतंय अन् पुन्हा लागतंय,” आई म्हणाली.

त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. “जंतू राहू द्या अव्वा, ही आधी पाण्यावाचून जाईल,” ते मोडक्या मराठीत म्हणाले. मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे पाणी दिवसातून चार वेळा पाजायला सांगितले. ग्लुकोज आतड्यातून आत शिरताना मिठाला सोबत नेते आणि मिठामागून पाणी जाते, एवढेच त्यातले इंगित. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा सरहद्दीवरच्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच पाण्याने हजारो जीव वाचवले. माणसाचे काय नि वासराचे काय, आतडे ते आतडेच.

दूध तोडा, असा सल्ला गल्लीत सगळ्यांनी दिला होता. डॉक्टरांनी तो मोडून काढला. दूध चालूच ठेवायचे, मात्र मिठाचे पाणी त्यात न मिसळता मधल्या वेळी द्यायचे. पुडी बंद झाली आणि शेणाचा नमुना औरादमार्गे बिदरला गेला. पशुवैद्यकीय विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात असल्याचा हा फायदा. त्यावर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

अहवालात पुडीतल्या औषधापुढे ‘रेझिस्टंट’ लिहिले होते. आईने अर्थ विचारला. “मातु केळल्ल,” डॉक्टर म्हणाले. सांगितलेले ऐकत नाही. आईला ते लगेच समजले. घरात तशी नातवंडे होतीच. अर्धवट डोसातून जे जंतू वाचतात, ते वाढतात आणि त्यांची पिलावळही औषधाला दाद देत नाही. त्याच वर्षी जुलैत सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्या-जनावरांसाठी बंद केले, तेही याच धास्तीने. माणसासाठी राखून ठेवलेले शेवटच्या फळीतले औषध खुराड्यात उधळले जात होते.

नवे इंजेक्शन पाच दिवसांचे होते. तिसऱ्याच दिवशी शेण बांधून आले. उरलेल्या दोन बाटल्या शेळीसाठी ठेवाव्यात, असे घरात ठरत होते. डॉक्टरांना बहुधा ही जात ठाऊक होती. चौथ्या आणि पाचव्या दिवशी ते न बोलावता येऊन सुई टोचून गेले.

पुढच्या वेताला गाय रात्री दोनला व्याली. आईने कंदील धरला आणि तासाभरात वासराच्या तोंडी चीक लावला. तोवर कुणाला झोपू दिले नाही.