सिकंदराचा पोपट

पहाडगंजात नूतन मराठी शाळेकडून मेन बाजाराकडे निघालो होतो. विजेच्या तारांच्या जंजाळातून एक दांडगा पोपट किंचाळत गेला आणि जुन्या भिंतीच्या भोकात शिरला. खांद्यावर लाल डाग. दिल्लीवाले त्याला पहाडी तोता म्हणतात. इंग्रजीत तो सिकंदराचा: अलेक्झांड्रीन.

पण पोपटाचं खरं अप्रूप होतं सिकंदराच्या नौदलप्रमुखाला, नीआर्कसला. इ.स.पू. 325 मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखातापर्यंत त्याने ताफा नेला आणि पाहिलेलं लिहून ठेवलं. माणसासारखा बोलणारा पक्षी त्याला अद्भुत वाटला. साडेचारशे वर्षांनी त्याच्याच आधारे लिहिणारा ग्रीक इतिहासकार एरियन म्हणतो, पोपट मी पुष्कळ पाहिलेत, त्यांचं काय सांगायचं! मला नीआर्कस जवळचा वाटतो. नाव त्याचं लागायला हवं होतं.

आमच्या खानदेशातल्या रानपिंगळ्याच्या नावाचंही असंच. हे छोटं घुबड 1872 साली ब्लेविट नावाच्या इंग्रजाला छत्तीसगडात मिळालं, पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने त्याला ब्लेविटचं नाव दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात काही नमुने जमवले. 1884 नंतर मात्र पक्षी कुणाला दिसेना. सलीम अलींनीही शोधला. शोधणाऱ्यांची वाट एकाने चुकवून ठेवली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन, सैनिक आणि प्रवासी. आफ्रिकेतल्या एका रानडुकराच्या शास्त्रीय नावात तो आजही आहे. त्याच्या पक्षिसंग्रहात 1914 सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक रानपिंगळा होता. तो निघाला डेव्हिडसनचा. लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही चोरी ओळखली, मांडवीचा नाद सोडला आणि साथीदारांसह त्या जुन्या, खऱ्या नोंदींच्या गावांकडे वळल्या. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, निष्पर्ण झाडावर, लख्ख उन्हात तो बसला होता. 113 वर्षं! डेव्हिडसनने चिठ्ठीवर गाव खरं लिहिलं नसतं, तर अजूनही आपण त्याला नामशेष म्हणत असतो. माझ्या लेखी त्या चिठ्ठीचं मोल कुठल्याही नावापेक्षा मोठं आहे.

अमेरिकेतल्या पक्षिशास्त्र संस्थेने 2023 मध्ये आपल्या अखत्यारीतल्या पक्ष्यांच्या इंग्रजी नावांतून माणसांची नावं काढण्याचं जाहीर केलं. मला ते पटतं. ब्लेविटचं नाव इंग्रजी बोलण्यातून केव्हाच मागे पडलं, पक्ष्याचं काही अडलं नाही. त्याचं अडतं ते ढोलीवाचून. रानपिंगळा ढोलीत अंडी घालतो, पहाडी तोताही. सातपुड्यातली, आपल्या बांधावरची म्हातारी, पोकळ झाडं वाळली म्हणून तोडू नका.