मालमोटारींच्या गावी

अमेरिकेत लेकीकडे जाऊन आलेल्या आईबापांनी काय काय पाहून यावे, हे आता पंचांगासारखे ठरून गेले आहे. नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वॉशिंग्टनची संग्रहालये आणि जमलेच तर एडिसनच्या ओक ट्री रोडवरचा आपला देशी बाजार. ॲलनटाउनचे नाव या यादीत नाही. मी तिथे दोन दिवस काढले हे ऐकून शेजारच्या मंडळींनी विचारले, "तिथे काय आहे?" "मालमोटारी," असे मी म्हणताच आमच्या सौभाग्यवती उठून आत गेल्या.

एडिसनहून पश्चिमेकडे निघाले की दीड तासाच्या आत ॲलनटाउन येते. वाटेत डेलावेअर नदी लागते. अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे पेन्सिल्व्हेनिया. जावईबापूंनी वाट थोडी वाकडी करून बेथलेहेम दाखवले. तिथल्या प्रचंड कारखान्यात १९९५ साली शेवटचे पोलाद ओतले गेले. भट्ट्या मात्र लीहाय नदीच्या काठी अजून उभ्या आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्यावर रंगीत दिवे सोडून खाली गाण्याचे जलसे होतात. या खोऱ्यात सिमेंटही भरपूर. अमेरिकेतल्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८७१ साली मिळाले ते जवळच्याच कोप्ले गावच्या डेव्हिड सेलरला. जिथे पोलाद आणि सिमेंट, तिथे ते वाहून नेणारी गाडी हवीच.

ती गाडी म्हणजे मॅक. मॅक बंधूंनी १९०० साली ब्रुकलिनमध्ये धंदा सुरू केला आणि १९०५ मध्ये ते ॲलनटाउनला आले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या गाडीचे चपटे नाक आणि चिखलातली चिवट चाल पाहून ब्रिटिश सैनिकांनी तिला बुलडॉग म्हटले. पुढे १९३२ मध्ये कंपनीचा मुख्य अभियंता आल्फ्रेड मॅझुरी याने आजारपणात रिकाम्या हातांना काम म्हणून बुलडॉगची मूर्ती कोरली. तीच आजही मॅकच्या नाकावर बसलेली असते. बिचारा मॅझुरी पुढल्याच वर्षी 'ॲक्रन' या अवाढव्य हवाई जहाजाच्या अपघातात गेला. कुत्रा सोनेरी असेल तर इंजिनापासून मागच्या आसापर्यंत सगळे मॅकचेच समजावे, असा तिथला संकेत आहे. कंपनीची मुख्य कचेरी २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला गेली. गाड्या मात्र शेजारच्या मकंजी गावात अजून बनतात.

आमचे यजमान जावईबापूंच्या एका मित्राचे वडील. वय पंच्याहत्तरीच्या घरात, बोटे जाड, चष्मा त्याहून जाड. "त्यांना एक छंद आहे," एवढेच मला सांगण्यात आले होते. मी पोस्टाच्या तिकिटांच्या तयारीने गेलो. तळघरात उतरलो तो समोर लांबलचक टेबल, त्यावर कानशी, बारीक करवती, पॉलिशपेपर, आणि मधोमध वीतभराहून थोडी लांब अशी अर्धवट मालमोटार.

यजमानांच्या वडिलांकडे मॅकची बी-६१ होती. तीवरून ते न्यूयॉर्कला सिमेंट नेत. बी मालिकेच्या गाड्या १९५३ ते १९६६ या काळात निघाल्या, एकूण १,२७,७८६. वडिलांनी थकल्यावर गाडी विकली आणि काही वर्षांनी ती मोडीत निघाली. घरी उरला तो एक काळापांढरा फोटो. यजमानांना तीच गाडी करायची होती. पण हव्या त्या मापात तिचा संच त्यांना कुठल्याच दुकानात मिळाला नाही. मिळाला तो तिच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे नंतरच्या आर-६८५ चा, एएमटी कंपनीचा, १/२५ मापाचा. आपल्याकडे जुन्या साडीची दुलई करतात. हा गृहस्थ कोऱ्या करकरीत गाडीची जुनी गाडी करीत बसला होता!

आरचे बॉनेट आणि मडगार्डे मिळून फायबरग्लासचा एकच तुकडा, पुढे कलणारा. बीचे बॉनेट पोलादी, मडगार्डे वेगळी, आणि सगळीच गाडी गोल खांद्यांची. ही गोलाई करवतीने येत नाही. म्हणून त्यांनी आधी मऊ लाकडाचे मडगार्ड कोरले, ते भोके पाडलेल्या खोक्यावर ठेवले, प्लॅस्टिकचा पत्रा स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मऊ केला आणि लाकडावर टाकून खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढली. पत्रा कातडीसारखा लाकडाला चिकटतो. पहिली चार मडगार्डे फाटली, पाचवे साधले. "दोन क्लीनर कामी आले," असे त्यांच्या पत्नीने कॉफी देताना शांतपणे सांगितले. त्या शांतपणाची मला घरची ओळख आहे.

इंजिनाने मात्र त्यांना हात दिला. संचातले इंजिन २३७ अश्वशक्तीचे मॅक्सिडाइन, वडिलांच्या गाडीतले १७० अश्वशक्तीचे थर्मोडाइन. पण दोघांचे कूळ एकच. नव्याचा टर्बो कापून काढला, धुराड्याची नळी बदलली, की बरेचसे काम झाले.

खरी गंमत गिअरची. मॅक्सिडाइनच्या गाडीला पाच गिअर आणि एकच दांडा. वडिलांच्या गाडीला दोन दांडे, आणि कधीकधी दोन्ही एकदम हलवावे लागत. मग ड्रायव्हर डावा हात सुकाणूच्या चाकातून आरपार घालून एक दांडा धरी आणि उजव्या हाताने दुसरा. तेवढा वेळ चाक कोणाच्या हाती, हे मी विचारले नाही. हा दुसरा दांडा त्यांनी संचाच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरून, त्याची तार ओढून केला होता. छप्पर बसल्यावर तो कोणाच्या नजरेस पडेल असे मला वाटेना. तसे म्हणालो.

"माझ्या वडिलांचा हात तिथून जात असे," ते म्हणाले, आणि पुन्हा कानस घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मकंजीच्या बागेत गेलो. तिथे दर जूनमध्ये जुन्या मालमोटारींचा मेळा भरतो. झाडांखाली शेकड्यांनी गाड्या, धुऊनपुसून लग्नाला निघाल्यासारख्या. यजमान मालकाची परवानगी घेऊन एका बी-६१ च्या पोटाखाली शिरले. मापे इंचांत घेत होते आणि वहीत तोच आकडा मिलिमीटर म्हणून लिहीत होते. मला हे कोडे उलगडेना, तेव्हा त्यांनी समजावले. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, गाडी पंचवीस पट लहान, तेव्हा रस्त्यावरचा एक इंच तो टेबलावरचा एक मिलिमीटर. हिशेबाची कटकटच नाही.

त्यांची थोरली बहीण घडीची खुर्ची घेऊन बरोबर आली होती. गाडीचे दार लाल होते. तिच्याकडे बोट करून बाई म्हणाल्या, "आपले यापेक्षा गडद होते. लालच, पण गडद."

"हिरवे होते," यजमान गाडीखालून म्हणाले.

हा वाद त्यांच्यात दोन वर्षे चालला असल्याचे मला मग कळले. फोटो काळापांढरा; लाल असो की हिरवे, त्यात दोन्ही सारखेच करडे. ओळखीचे जुने ड्रायव्हर आता उरलेले नाहीत.

"दर रविवारी गाडी मी धूत असे," भाऊ म्हणाले.

"आणि पहाटे बाबांचा डबा घेऊन दारापर्यंत मी जात असे," बहीण म्हणाल्या. "तू झोपलेला असायचास."

यावर ते काही बोलले नाहीत. मडगार्डाची रुंदी पुन्हा एकदा मोजून वहीत लिहिली, आणि बाईंनी खुर्चीतूनच टेपपट्टीचे दुसरे टोक धरले.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम चौकशी केली. छप्पर बसले, दिवे बसले, कुत्राही सोनेरी रंगाचा बसला. दारांवर अजून राखी अस्तरच आहे. बाई दर रविवारी तळघरात येऊन बसतात, म्हणे, आणि दोघांचे भांडण कॉफी गार होईपर्यंत चालते.